शलभासनातली बुडी

"मोठ्या बाई, पाठ घट्ट करायचं एखादं आसन हाय का तुमच्याकडं? पन लवकर घट्ट व्हायला पायजे. शिमग्याच्या आत."

जागृती हे म्हणाली तेव्हा जानेवारी संपत आला होता. सकाळचे सात वाजले होते. शाळेच्या व्हरांड्यात मुलं चटया पसरत होती. माझी मुलगी मृणाल याच शाळेत शिकवते. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे राहायला आले, आणि सकाळी तास-दीड तास मुलांची आसनं घ्यायला लागले. मृणालला मुलं 'बाई' म्हणतात, म्हणून मी 'मोठ्या बाई'.

"का गं, काय झालं पाठीला?" मी विचारलं.

तिने उत्तर द्यायच्या आत साहिल बोलला. हा तिच्याच वर्गातला, सातवीतला. दुसऱ्याची बातमी आधी सांगण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

"बाई, हिला सीताराम आजानं होडीतनं उतरवलं! बोलला, ही पोर म्हंजे वला बोंबील. पाठीत काटाच न्हाय."

"तू गप रं! तुला तर कुनी होडीत घेतलंच न्हाय."

मग हळूहळू सगळं कळलं. मुरूडच्या अलीकडे आमची वाडी खाडीच्या काठाला आहे. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी या खाडीत होड्यांची शर्यत लागते. आजवर बाप्यांच्याच होड्या उतरत. यंदा सीतारामच्या नातीने, कल्पिताने, आजोबांच्या मागे लागून मुलींची होडी काढायला लावली होती. सीताराम हा जुना तांडेल. चाळीस वर्षं होडीवर त्याचा शब्द चालला, आणि उतारवयातही तो त्याच आवाजात बोलतो. चार वल्ही, चार मुली, सुकाणूवर तो स्वतः. जागृती त्या चौघींतली एक होती. पण आदल्या दिवशी जेट्टीपासून खाडीत तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जाऊन यायचं ठरलं, आणि अर्ध्या वाटेतच तिची पाठ धरली. वल्हं हातात तसंच राहिलं. मागून कल्पिताचं वल्हं त्याच्यावर आदळलं, होडी आडवी झाली आणि जेट्टीवर उभी असलेली सगळी वाडी हसली.

"आजा बोलला, शिमग्याच्या आधीच्या रविवारी परत बघीन. बोयाला जाऊन यायचं, वल्हं न थांबवता. थांबली, तर माझ्या जागेवर वाडीतली ती कमळ बसंल."

"मग थांबायचं नाही," मी म्हटलं. "सहा आठवडे आहेत. पुष्कळ झाले. चटई टाक."

मला खरंच त्यात अवघड काही वाटलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी माझी स्वतःची पाठ गेली होती. रोह्याच्या आतल्या बाजूला, डोंगरातल्या शाळेवर होते तेव्हाची गोष्ट. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की कळ डोक्यात जायची. त्या पाठीला शलभासनाने उभं केलं, आणि ती आज सहासष्टाव्या वर्षीही माझं ऐकते. पुढे त्याच शाळांतून मी भातशेती करणाऱ्या घरांतल्या पोरापोरींना हे आसन शिकवलं. किती जणांना, ते आता आठवतही नाही. तेव्हा बारा वर्षांची एक मुलगी सहा आठवड्यांत पाठ कमावणार याची मला खात्री होती.

शलभ म्हणजे टोळ. पालथं निजायचं, हनुवटी चटईला, हात अंगालगत. मग छाती आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे. गुडघे सरळ, पायाचे अंगठे मागे ताणलेले. सगळं अंग पोटावर तोललेलं राहतं आणि पाठ कमरेपासून मानेपर्यंत जागी होते. दिसायला सोपं, पण थांबून राहणं हीच त्यातली परीक्षा. मी एक, दोन, तीन असं मोजत जाते. पहिल्या आठवड्यात मुलं पंधरापर्यंत टिकतात, दुसऱ्यात वीसपर्यंत, आणि महिन्याभरात तीस सहज होतात. माझा इतक्या वर्षांचा हा हिशेब.

जागृतीचा आकडा पहिल्या दिवशी बारा होता. दुसऱ्या आठवड्यात बारा. तिसऱ्या आठवड्यातही बारा.

आळशी म्हणावी, तर सगळ्यांच्या आधी व्हरांड्यात हजर. घरीही करत होती. तिची आई कोकिळा मला वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, ही पोर येता-जाता पालथी पडलेली असते. परवा तिच्यावरनं मासळीची पाटी घेऊन वलांडून गेले मी."

मी तिचे गुडघे तपासले, सरळ होते. हनुवटी पुढे काढायला लावली. पोटाखाली घडी घातलेली चादर देऊन पाहिली. आधी एक पाय, मग दुसरा, मग दोन्ही, असं पायरीपायरीने नेलं. पण मी "अकरा, बारा" म्हटलं की पाय लटपटायचे, चेहरा लालभडक व्हायचा आणि 'फुस्स' करून ती खाली यायची. जणू कोणी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढला.

"बोंबील तो बोंबीलच," साहिल पुटपुटायचा. पण त्याचाही आकडा चौदाच्या पुढे जात नव्हता. किंबहुना, इथल्या कुठल्याच मुलाचा जात नव्हता. ही पोहणारी, दोरखंड ओढणारी, जाळी खांद्यावरून नेणारी पोरं. डोंगरातल्या माझ्या मुलांपेक्षा यांची अंगं कितीतरी कणखर. तरी आकडा निम्मा. मी व्हरांड्याच्या गार फरशीला दोष दिला. थंडी कमी झाली की वाढेल, असं मुलांना सांगितलं. चूक माझ्याकडे असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

एका सकाळी तास संपल्यावर जागृती चटई गुंडाळत माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्या बाई, काही पाठी नसतातच ना घट्ट व्हायच्या?"

"असं कोण म्हणालं?"

"मीच."

"मग तू चुकलीस. पाठ घट्ट होईल. कुठे अडतंय ते अजून मला दिसलेलं नाही, इतकंच."

तिला बरं वाटावं म्हणून मी असं म्हटलं नाही. इतकी वर्षं मुलांना शिकवून एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. मूल मनापासून करत असेल आणि तरी जमत नसेल, तर शिकवणाऱ्याने स्वतःच्या शिकवण्याकडे बघावं. फक्त नेमकं कुठे बघावं, ते कधीकधी दिसत नाही.

ते दिसलं रविवारी, ओहोटीच्या वेळी. कोकिळा आणि जागृती खाडीत शिवल्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात, तिथेच जाऊन ताज्या घ्याव्यात म्हणून मी पिशवी घेऊन काठावर गेले. पाणी उतरलं होतं. बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाने वाळू चाचपत होत्या आणि शिंपला लागला की वाकून वर काढत होत्या. मुलं जरा खोल पाण्यात होती. तिथे बुडी मारावी लागते. साहिल गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून मोठ्याने मोजत होता.

"येक… दोन… तीन… चार…"

आवाज त्याचा, पण चाल माझी होती. शाळेच्या व्हरांड्यात मी मोजते तशीच, प्रत्येक आकड्यानंतर तेवढंच थांबत.

"हा कशाला मोजतोय?" मी कोकिळेला विचारलं.

"जागृती खाली हाय ना. कुनी बुडी मारली की वरच्यानं मोजायचं. किती राहतोय ते कळतं, आनि लई येळ झाला तर हात घालून वडता येतं. आमी ल्हान होतो तवापासनं असंच."

"…अडतीस… येकोनचाळीस… चाळीस…"

जागृती वर आली. तोंडातून 'फुस्स' करून हवा सोडली. दोन्ही ओंजळीत शिवल्या, केसांतून पाणी गळतंय आणि चेहऱ्यावर व्हरांड्यात कधी न दिसलेला रुबाब.

मी तशीच उभी राहिले. तो 'फुस्स' मी तीन आठवडे रोज ऐकत होते.

"कोकिळा," मी म्हटलं, "मोजायला लागलं की ही मुलं श्वास कोंडतात?"

"मग काय बाई! पानी असो, नसो. कुनी येक म्हनलं की ह्यांची तोंडं बंद. दवाखान्यात डाक्टर सुई टोचताना 'येक, दोन' बोलला, तर हिनं गाल फुगवून घेतलं. डाक्टर घाबरला."

ती हसली, आणि मीही हसले, पण मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. डोंगरातल्या मुलांना मोजणं म्हणजे नुसतं मोजणं. या मुलांना मोजणं म्हणजे डोक्यावर पाणी आलं. मी 'एक' म्हणायचे आणि व्हरांड्यातली चौदा पोरं छाती भरून बुडी मारायची. पाण्यात अंग हलकं असतं, तिथे चाळीसपर्यंत दम पुरतो. आसनात सगळी पाठ काम करत असते. तिला क्षणोक्षणी हवा लागते, आणि मी त्यांना बाराव्या आकड्यापर्यंत कोंडून ठेवत होते. शलभासनात क्षणभर श्वास रोखून पाय उचलायची रीत आहे, मला माहीत आहे. पण जास्त वेळ थांबायचं असेल तर श्वास चालूच हवा. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मग लगेच 'एक' म्हटलं होतं.

सोमवारी मी मुलांना समोर बसवलं. "आजपासून मी मोजणार नाही," मी म्हटलं. "तीन आठवडे मी चुकीचं शिकवत होते. तुम्ही बरोबर करत होतात, पण पाण्याखालचं करत होतात."

बाई चुकतात, हे पचायला मुलांना जरा वेळ लागतो. मग जागृतीने विचारलं, "मग उतरायचं कवा, ते कसं कळनार?"

"मी सांगेन. तोवर तू बोलत राहायचं."

"बोलायचं? आसनात?"

"हो. जो बोलतो त्याचा श्वास कोंडत नाही. काल घरी काय जेवलात ते सांग. चल, हनुवटी चटईला. उचल."

तिची छाती आणि पाय वर आले. गाल फुगलेच, सवयीने.

"बोल!"

"काल… शिवल्या केलत्या," ती कुंथत म्हणाली. "आईनं खोबरं वाटलं. मी लसूण सोलला."

"मग?"

"मग भाकऱ्या. आनि बाबांसाठी वेगळं तिखट…"

"हिची आई मीठ लई टाकते," साहिल शेजारच्या चटईवरून म्हणाला.

"तुझी आई काय टाकते? समुद्र? परवा तुझ्या घरची वाटी आली तर आमच्या मांजरानं दोन येळा पानी प्यायलं! आनि तू सवता दोन वाट्या वरपून गेलास तवा न्हाय खारट लागलं? तवा बोललास, काकू, अजून हाय का. बोललास की न्हाय? खरं सांग, मोठ्या बाईंच्या समोर सांग!"

साऱ्या पोरांनी चटया सोडून हसायला सुरुवात केली. साहिल लाल झाला. मी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. जागृतीचे पाय हवेत होते. लटपट नव्हती. पन्नास सेकंद होऊन गेले होते.

"उतर," मी म्हटलं.

"का? चुकलं काय?"

"जवळजवळ मिनिट झालं."

तिने मान वळवून घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खोटं बोलत नाही याची खात्री झाल्यावर तिने पुन्हा हनुवटी टेकली. "परत घ्या," म्हणाली.

पुढचे दिवस भराभर गेले. आधी बोलत, मग गुणगुणत, मग नुसता श्वास ऐकत. नाकातून आत, नाकातून बाहेर. मुलांचे आकडे वाढले, म्हणजे आकडे नव्हतेच, पण घड्याळ सांगत होतं. फेब्रुवारी संपता संपता जागृती दीड मिनिटाची तीन आवर्तनं करू लागली. चालताना तिचे खांदे मागे गेले. कोकिळा म्हणाली, "आता पाटी डोक्यावर दिली तर वाकत न्हाय." साहिल 'बोंबील' म्हणायचा थांबला नाही, पण म्हणून झाल्यावर दोन पावलं लांब सरकायला शिकला.

शिमग्याच्या आधीचा रविवार आला. मीही जेट्टीवर गेले. भरती संथ चढत होती, वारा नव्हता. जागृती मधल्या फळीवर बसली, तिच्या मागे कल्पिता, पुढे दोघी. कमळ जेट्टीच्या पायरीवर तयारीत बसली होती, ओढणी कमरेला खोचून. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब पोर. आपल्याला जागा मिळावी म्हणून कोणी थांबावं, असं तिच्या मनात असेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

सीतारामने सुकाणू धरलं. एकवार माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "बाई, तुमी झोपवून झोपवून हिला वल्हवायला शिकवलं म्हनं."

"पालथं झोपवून," मी म्हटलं. "बघा आता तुम्हीच."

"बघतो की. चला गो पोरींनो. माझ्या मोजन्यावर वल्हं टाकायचं. येक!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाप्यांच्या होडीत गडी मोठ्याने गात वल्हवतात. मुली गायला लाजतील म्हणून सीतारामने त्यांना आकड्यांवर बसवलं होतं. आणि आकडा ऐकताच चारी पोरींची तोंडं मिटली. होडीत पाठीच्या आधी दम का संपत होता, ते आता मला लख्ख दिसलं. पण तांडेलाच्या होडीवर काठावरून कोणी ओरडत नाही. त्याने होडी तिथेच थांबवली असती आणि पुन्हा सोडली नसती.

"दोन! तीन! चार!"

होडी जेट्टीपासून सुटली. लांबूनही जागृतीचे फुगलेले गाल मला दिसत होते. सात, आठ, नऊ. तिचे खांदे वर चढू लागले, वल्हं उथळ पडू लागलं. हे मी बाराव्या आकड्याच्या आधी रोज पाहिलेलं होतं.

"धा!" सीताराम म्हणाला.

"धा!" जागृती ओरडली.

खाडीवर आवाज स्वच्छ येतो. सीतारामचं सुकाणू क्षणभर डगमगलं. "अकरा," तो म्हणाला.

"अकरा!" ती आणखी जोरात. वल्हं ओढताना प्रत्येक आकडा छातीतून बाहेर फेकत होती, आणि वल्हं पुढे नेताना हवा भरून घेत होती.

"काय गो, मी मोजतोय न्हवं? तू कशाला बोंबलतेस?"

"बोंबललं तर दम येतो, आजा! बारा!"

"बारा!" कल्पिताही ओरडली. मग पुढच्या दोघी. सीताराम 'तेरा' म्हणायच्या आत चौघींनी 'तेरा' म्हटलं होतं. त्यानंतर त्याचा आवाज ऐकू आला नाही. होडी लाल बोयाकडे सरळ निघाली. जेट्टीवरची हसायच्या तयारीतली माणसं पायरी-पायरीने पाण्याकडे उतरली. बोयाला वळसा घालताना एक वल्हं पाण्यावर सरकून निसटलं, पण ते पुढच्या मुलीचं होतं. तिने ते लगेच सावरलं. जागृतीची पाठ वळणातही ताठ होती.

परतीला आकडे शंभराच्या पुढे गेले. एकशे साताला कोणीतरी चुकलं, एकशे नऊ म्हणालं, आणि चौघी हसत हसत तसंच पुढे मोजत राहिल्या. वल्हं मात्र थांबलं नाही.

होडी जेट्टीला लागली. सीताराम उतरला, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभा राहिला. मग कमळकडे वळला. "तू राखीव राहशील. येकदा कुनाला ताप-बीप आला तर लागशील. सराव सोडायचा न्हाय."

"व्हय आजा," कमळ म्हणाली.

मग होडीत वाकून त्याने जागृतीचं वल्हं उचललं आणि तिच्या हातात दिलं. आमच्या वाडीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ज्याची जागा पक्की झाली, त्याने शर्यतीपर्यंत आपलं वल्हं आपल्या घरी ठेवायचं, तेल पाजायचं, राखायचं. कोकिळेने पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "आता हे येवढं लांबडं ठेवायचं कुठं? दारातनं तर जायाचं न्हाय."

वल्हं खांद्यावर टाकून जागृती गल्लीतून निघाली. माणसं वल्ह्याच्या टोकाखाली वाकून वाट देत होती. साहिल तिच्यापुढे धावत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत होता, जणू वल्हं त्यालाच मिळालं होतं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ती येणार नाही. काम झालं होतं, आणि मुलांनी काम झाल्यावर यावं अशी माझी अपेक्षाही नसते. पण सातला पाच मिनिटं कमी असताना व्हरांड्याच्या पायऱ्यांवर दोघी दिसल्या. जागृती पुढे, आणि तिने मनगटाला धरून आणलेली कमळ मागे.

"मोठ्या बाई, हिला पन घ्या. मला ताप आला तर ही बसनार हाय. हिची पाठ माझ्यापरास घट्ट पायजे."

"मला नाय जमायचं," कमळ पुटपुटली. "माझं पोट मोठं हाय."

"पोटावरच तर झोपायचं हाय. अगदी सोपं पडंल तुला."

कमळ हसली आणि चटईवर पालथी झाली. मी पुढे जाऊन तिची हनुवटी नीट करणार होते. पण जागृती आधीच तिच्या शेजारी मांडी घालून बसली होती. एक हात कमळच्या कमरेवर ठेवून ती तिला काहीतरी हळू आवाजात समजावत होती, घाई न करता. मी तशीच मागे वळले आणि साहिलचे वाकडे गुडघे सरळ करायला गेले.